मोटर जळाली, भरून कुणी आणायची?

मार्च उलटला की कवठे महांकाळच्या परिसरात बोअरचे पाणी खाली जाऊ लागते. ज्या घरात तीन-चार बिऱ्हाडे भाड्याने राहतात आणि अंगणातल्या एकाच बोअरवर सर्वांची टाकी भरते, त्या घरात अशाच एखाद्या सकाळी मोटर सुरू होते, पण पाणी येत नाही. दाब कमी असलेल्या विजेवर, कधी पाण्याविना कोरडीच, फिरून फिरून मोटरचे वाइंडिंग जळालेले असते. घरमालक म्हणतो, मोटर भरून आणा आणि खर्च चौघांत वाटून घ्या. वापरता तुम्हीच ना? भाडेकरू म्हणतात, मोटर तुमची, बोअर तुमचा, भाडे आम्ही महिन्याच्या महिन्याला देतो. मिस्त्री म्हणतो, ही मोटर याआधी दोनदा भरली आहे, आता नवीनच घ्या. आणि हा वाद मिटेपर्यंत घरातल्या बाया शेजारच्या नळावर घागरी घेऊन उभ्या असतात.

राजकीय साप्ताहिकाच्या संपादकीयाने अशा घरगुती तंट्यात लक्ष घालावे काय, असे एखाद्या कार्यकर्त्याच्या मनात येईल. वस्तुतः हा तंटा घरगुती नाही. मोडलेली वस्तू दुरुस्त करावी की बदलावी, हा प्रश्न स्वतःच्या घरात राहणारा माणूस पाच मिनिटांत सोडवतो, कारण वस्तूची किंमत, दुरुस्तीचा खर्च, विजेचे बिल आणि गैरसोय या चारही गोष्टी त्याच्याच खिशातून आणि त्याच्याच अंगावरून जातात. भाड्याच्या घरात त्या दोन माणसांत विभागलेल्या असतात. वस्तू घेतो एक, वापरतो दुसरा. किंमत एकाची, बिल दुसऱ्याचे. हिशेब असा तुटला की निर्णय चुकतो, आणि चुकीची किंमत बहुधा ज्याचे बळ कमी तोच मोजतो. मालमत्तेच्या संबंधांचा प्रश्न शिकवण्यासाठी जाड ग्रंथांची गरज नाही. छताचा पंखासुद्धा तो शिकवू शकतो.

पंख्याचाच हिशेब मांडून पाहू. छताचा जुना पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो. ज्याला बाजारात बीएलडीसी म्हणतात तो ब्रशविरहित मोटरचा पंखा तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो. रोज पंधरा तास आणि वर्षातले तीनशे दिवस पंखा चालला असे धरले, तर जुना पंखा सुमारे ३३७ युनिट खातो आणि नवा १३५. म्हणजे वर्षाला दोनशे युनिटांचा फरक पडतो. युनिटमागे आठ रुपये धरले तर सोळाशे रुपये. आता जुना पंखा जळाला. तो भरून घ्यायला पाचशे रुपये लागतात आणि नवा बीएलडीसी पंखा तीन हजारांना येतो असे समजा. स्वतःच्या घरात राहणारा माणूस अडीच हजार रुपये जास्त घालील, कारण दीड वर्षाच्या आसपास ते वसूल होऊन पुढची सारी बचत त्याच्या पदरात पडते. घरमालक मात्र पाचशेच घालील, कारण बचत भाडेकरूच्या बिलात होणार, त्याच्या नव्हे. आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा भाडेकरूही तीन हजार घालणार नाही, कारण दीड वर्षाने तो त्या घरात असेल याची शाश्वती कुणालाच नाही. दोघेही आपापल्या जागी शहाणे आहेत. दोघांच्या शहाणपणातून निघणारा निर्णय मात्र वेडा आहे. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना तारांकनाची पट्टी सक्तीची झाली. पण बिल न भरणाऱ्या खरेदीदाराला त्या पट्टीवरचे तारे मोजण्याचे कारण काय?

कवठे महांकाळ तालुक्याने हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर अनुभवली आहे. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पंप कृष्णेचे पाणी मिरज तालुक्यात उचलून टप्प्याटप्प्याने कवठे महांकाळ आणि जतच्या दुष्काळी भागाकडे चढवतात. पंप शासनाचे, पाणी घेणारा शेतकरी, वीज देणारे महावितरण. बिलाची थकबाकी वाढली की पंप थांबायचे आणि उभी पिके वाळायची, हे येथील द्राक्षबागायतदारांनी वर्षानुवर्षे पाहिले. शेवटी वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के भार लाभधारकांनी उचलावा असे प्रमाण ठरले, तेव्हा गाडे काहीसे रुळावर आले. अंगणातल्या दीड अश्वशक्तीच्या मोटरचे दुखणे याहून वेगळे नाही. मालक, वापरणारा आणि पैसे भरणारा वेगवेगळे असले की कोणी किती द्यायचे हे आधी ठरवावे लागते. मोटर जळाल्यावर ते ठरत नाही.

कायदा काय म्हणतो, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याच्या १४ व्या कलमानुसार, भाडेकरूने उलट करार केलेला नसेल तर, जागा चांगल्या व राहण्याजोग्या स्थितीत राखणे घरमालकावर बंधनकारक आहे. नोटीस दिल्यापासून पंधरा दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. चार हजार रुपये भाडे असेल तर वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार आणि वळती करता येणारी रक्कम बारा हजार. एवढ्यात मोटर भरून होते, बऱ्याचदा नवी येते. आणखी महत्त्वाचे असे की, या कायद्यातील ‘जागा’ या शब्दाच्या व्याख्येत केवळ भिंती आणि छप्पर येत नाही. घरमालकाने पुरवलेले फर्निचर आणि जागेच्या अधिक चांगल्या उपभोगासाठी बसवलेली जोडसामग्रीही येते. भिंतीवर पक्का बसवलेला गिझर किंवा छताचा पंखा ‘जागे’चा भाग आहे, असा दावा या व्याख्येच्या आधारे सरळ करता येतो. अनेकजणी भाड्यातून दुरुस्तीचा खर्च कापण्यास भितात. त्यांना हे कलम वाचून दाखवले पाहिजे.

परंतु या सोयीला दोन मोठी भोके आहेत. पहिले असे की, हा कायदा सरसकट प्रत्येक गावास लागू नाही. त्याच्या परिशिष्टांत समाविष्ट केलेल्या क्षेत्रांतच तो चालतो. इतरत्र १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचा आधार घ्यावा लागतो. त्याच्या १०८ व्या कलमातही, मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने वाजवी मुदतीत न केल्यास ती करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करण्याची मुभा भाडेपट्टेदारास आहे. मात्र कोणती दुरुस्ती मालकावर बंधनकारक, हे पुन्हा करारावर येऊन थांबते. त्याच कलमात असेही आहे की, वाजवी वापराने होणारी झीज भाडेपट्टेदाराच्या माथी मारता येत नाही. अनामत रक्कम परत देताना ‘पंखा जुना झाला’ म्हणून पाचशे रुपये कापून घेणाऱ्या मालकांना ही ओळ दाखवावी.

दुसरे भोक अधिक मोठे आहे. आजकाल घर भाड्याने दिले जात नाही. ‘लीव्ह अँड लायसन्स’वर दिले जाते. १४ वे कलम ‘भाडेकरू’विषयी बोलते, आणि करारात राहणाऱ्यास ‘परवानाधारक’ म्हटले की त्या कलमाचा आधार डळमळतो. उलट मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्या परवानाधारकास २४ व्या कलमाखाली दुप्पट रकमेची नुकसानभरपाई द्यावी लागते. शब्द बदलला आणि हक्क गेला! शिवाय ‘सर्व किरकोळ व मोठी दुरुस्ती परवानाधारक करील’ ही ओळ मुद्रांक विक्रेत्याकडच्या छापील नमुन्यात बहुधा आधीच असते. ती वाचून कोण सही करतो?

येथे एक कबुली दिली पाहिजे. मुंबईच्या १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली, तेव्हा युद्धोत्तर टंचाईत गरीब भाडेकरूंना रस्त्यावर येण्यापासून वाचवण्याचे मोठे काम त्या कायद्याने केले. पण भाडे अर्धशतक गोठले आणि सिमेंट, लोखंड, मजुरी वाढत गेली, तेव्हा इमारतीला हात लावण्याचे मालकाला कारण उरले नाही. चाळींचे जिने कुजले, गॅलऱ्या कोसळल्या. शेवटी राज्याला १९६९ चा कायदा करून दुरुस्तीसाठी उपकर बसवावा लागला आणि दुरुस्ती मंडळ नेमावे लागले. हे गोठवणे यापुढे वाजवी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात म्हटले. भाडेकरूचे संरक्षण आणि घराची दुरुस्ती या दोहोंचा विचार एकत्र करावयास हवा होता. डाव्या चळवळीने पहिल्यावर जेवढी शक्ती खर्च केली तेवढी दुसऱ्यावर केली नाही. तेव्हा घर टिकले नाही, पण भाडेकरू टिकला. आज वस्तू मिळतात, पण माणसाला अकरा महिन्यांची मुदत.

घरमालक म्हणजे सारे धनिक, असाही समज नको. तालुक्याच्या गावी भाड्याने घर देणारा कधी बेदाण्याला बरा भाव मिळाला त्या वर्षी दोन खोल्या वर चढवलेला शेतकरी असतो, कधी निवृत्त शिक्षक, तर कधी नवऱ्याच्या मागे त्याच भाड्यावर घर चालवणारी विधवा. त्यांच्यावर एकाच महिन्यात मोटर, गिझर आणि फ्रिज अशा तिन्हींचा खर्च आला तर भाडे दोन-तीन महिने त्यातच जाईल. त्यांची अडचण खरी आहे. पण जे आयकर भरतात त्या मोठ्या मालकांना एक गोष्ट विचारली पाहिजे. भाड्याच्या उत्पन्नातून स्थानिक कर वजा जाता उरलेल्या रकमेवर ३० टक्क्यांची वजावट मिळते. पूर्वी ती दुरुस्ती आणि भाडेवसुली यांच्या नावाने मिळे. २००१ नंतर ती सरसकट झाली. मालकाने वर्षभरात एक खिळा ठोकला नाही तरीही ती मिळते. दुरुस्तीसाठी समाजाने आधीच सवलत दिली आहे. मग मोटर भरण्याचा खर्च भाडेकरूंनी चौघांत वाटून का घ्यावा?

आणि ह्याच वेळी दिल्लीहून आलेला नमुना कायदा उलट्या दिशेने जातो. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत दुरुस्तीची वाटणी केली आहे. इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती, रंगरंगोटी, नळांच्या वाहिन्या आणि घरातील वायरिंग मालकाकडे; नळ, गटारे, संडास, बटणे, स्वयंपाकघरातील जोडण्या, विजेची उपकरणे आणि गिझर भाडेकरूकडे. वाटणी लिहून ठेवली हे चांगलेच झाले. कोणी काय करायचे हे आधी ठरवण्याची सवय लागेल. पण गिझरची टाकी खाऱ्या पाण्याने सात वर्षांत गळू लागली आणि आठव्या वर्षी आलेल्या भाडेकरूच्या काळात ती फुटली, तर दुरुस्ती त्याच्या नावावर कशी? इंग्लंड हा काही समाजवादी देश नव्हे. तेथे १९८५ च्या कायद्याच्या ११ व्या कलमाने सात वर्षांहून कमी मुदतीच्या भाड्यात पाणी, गॅस व विजेच्या पुरवठ्याची आणि पाणी तापवण्याची सामग्री चालू ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. करारात उलट ओळ लिहून मालकास ती टाळता येत नाही. नमुना कायदा राज्याने स्वीकारल्याखेरीज लागू होत नाही. महाराष्ट्राने तो जसाच्या तसा उचलण्यापूर्वी ही अनुसूची बदलून घेतली पाहिजे.

गिझरचा मुद्दा एवढ्या आग्रहाने मांडण्याचे कारण पैशाचे नाही. जड पाण्याच्या भागात गिझरच्या कॉइलवर क्षाराचा थर चढतो, कॉइल तापून फुटते आणि अर्थिंग नीट नसेल तर टाकीच्या पाण्यातून वीज अंघोळ करणाऱ्याच्या अंगापर्यंत पोहोचते. कॉइल आणि थर्मोस्टॅट बदलता येतात. ती खुशाल बदलावीत. टाकीच गळत असेल तर मात्र डाग देत बसू नये, गिझर बदलावा. आणि कॉइल बदला की गिझर बदला, अर्थिंग तपासून ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवल्याखेरीज तो चालू करू नये. विजेची गळती होताच तो प्रवाह तोडतो. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात असेल तर जळण्यासाठी लागणारा प्राणवायू संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस बेशुद्ध पडतो तेव्हा दार आतून बंद असते. असा गिझर दुरुस्त करायचा नसतो, काढून उघड्यावर बसवायचा असतो. येथे दुरुस्ती की नवी वस्तू, हा हिशेब संपतो. हे काम मालकाचे, आणि पंधरा दिवसांच्या नोटिशीची वाट न पाहता करावयाचे.

फ्रिजविषयी थोडेच. दाराचे रबर, थर्मोस्टॅट, रिले या दुरुस्त्या स्वस्त आहेत. कॉम्प्रेसर गेला आणि यंत्र दहा-बारा वर्षांचे असेल, तर नवा घेणे बहुधा किफायतशीर. नव्या बहुतेक घरगुती फ्रिजमधला वायू ज्वालाग्राही असतो. तो भरण्याचे काम शिकलेल्या कारागिराकडेच द्यावे.

मोटरीचे मात्र बरोबर उलट आहे. तांब्याच्या तारेने नीट भरलेली मोटर पुन्हा वर्षानुवर्षे चालते. स्वस्त पडते म्हणून ॲल्युमिनियमची तार भरलेली मोटर पुढच्या उन्हाळ्यात परत कारागिराकडे येते. दोनदा जळली तर दोष मोटरीत कमी आणि तिच्याभोवती अधिक असतो: विजेचा दाब, बिघडलेला कपॅसिटर, पाणी नसताना मोटर बंद करणारे यंत्र नसणे. ते यंत्र एकदा बसवले तर मोटर भरण्याचे दोन खर्च वाचतात. दुरुस्तीचे मोठे मोल आणखी एक आहे: नव्या वस्तूचा पैसा कारखान्याकडे आणि दुकानदाराकडे जातो, भरलेल्या मोटरीची मजुरी गावातल्या कारागिराच्या घरी. शासनानेही हा हक्क निदान तोंडाने मान्य केला आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे संकेतस्थळ सुरू झाले, शेतीची अवजारे आणि घरगुती उपकरणे ही दोन्ही क्षेत्रे त्यात आहेत. युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्याविषयी निर्देशच काढला. परंतु सुटा भाग आणि नकाशा गावच्या कारागिराच्या हाती येईपर्यंत हा हक्क कागदावरचाच.

मग अंगणातल्या त्या मोटरचे काय करावे? कार्यकर्त्यांनी आपल्या गल्लीत पुढील काम हाती घ्यावे. घर घेताना एका कागदावर प्रत्येक उपकरणाची नोंद करावी: कधी घेतले, केव्हा व किती वेळा दुरुस्त केले, आज चालू आहे की नाही. त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. १९९९ च्या कायद्याचे ५५ वे कलम नोंदणीची जबाबदारी मालकावरच टाकते, आणि ती झाली नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. करारात एवढेच लिहावे की, वापरातील निष्काळजीपणाने झालेला बिघाड भाडेकरूचा, वयाने झालेला बिघाड मालकाचा, आणि बदलण्याचा खर्च नेहमी मालकाचा. पंख्यासारख्या वस्तूत बचत वाटून घेण्याची मुभा ठेवावी: मालकाने बीएलडीसी पंखा बसवला तर भाड्यात दरमहा पंचाहत्तर रुपये जास्त. वर्षाला नऊशे मालकाला, आणि सोळाशेंतले उरलेले सातशे भाडेकरूला. मालकाचे अडीच हजार तीन वर्षांच्या आत परत. जेथे भाड्यावर नियंत्रण आहे तेथे ही वाढ कायद्याच्या मर्यादेत बसते की नाही ते आधी पाहावे.

नोटीस एकट्याने पाठवू नये. चार बिऱ्हाडांनी एकाच कागदावर सह्या करून ती टपालाने पाठवावी. १४ व्या कलमात भाडेकरूंनी संयुक्तपणे नोटीस देण्याची तरतूद आहे, आणि खर्चाची वजावट प्रत्येकाच्या भाड्याच्या प्रमाणात होते. पोचपावती, मिस्त्रीचे बिल आणि मोटर बाहेर काढल्याचे छायाचित्र जपून ठेवावे. फेब्रुवारी सरण्यापूर्वी हे झाले, तर यंदा मार्चमध्ये मोटर जळाल्यावर शेजारच्या नळावर उभे राहण्याची पाळी येणार नाही.